बाजूला बसवलेली कुत्री

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर लिहायला बसले. वाचता येत असतं तर माझी छाती झाली नसती, आणि समोर असतीस तर तोंडातून शब्द फुटला नसता. सुरतेत गोडादऱ्यातलं हे घर तू पाहिलेलं नाहीस. खाली दोन खोल्या, वर गच्ची, आणि जिन्याखाली एक कोनाडा. त्या कोनाड्यात आत्ता आमची म्हातारी कुत्री पडली आहे, पोटाला पट्टी बांधलेली, आणि मी समोर पाटावर बसून तिच्या मागच्या पायांकडे टक लावून बघते आहे. काल तिची गर्भाची पिशवी काढली. डॉक्टर म्हणाला, आता सगळं तिच्या लघवीवर आहे. आज संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर किडन्या परत चालू झाल्या म्हणायचं. नाही झाली तर काय, ते तो बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही. सकाळी सलाईन चढवून आणलंय, तरी अजून थेंब नाही. माझा जीव मुठीत आहे, माय. एका कुत्रीच्या मुतासाठी मी देवाला हात जोडून बसले आहे. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

तुझी नात कॉलेजात होती तेव्हा पर्वत पाटियाच्या नाक्यावरून हिला ओढणीत गुंडाळून घेऊन आली. मी दारातच अडवलं. म्हटलं, माणसांना जागा नाही आणि ही अवदसा कुठून आणलीस. पण दुसऱ्या दिवशी तिच्या दुधात भाकरी कुस्करत कोण बसलं होतं तर मीच. नाव ठेवलंय तिला, पण तुला सांगत नाही, तू नाक मुरडशील. आता तिचं तोंड पांढरं झालंय, जिना चढताना थांबते, आणि तुझा जावई मिलमधून पाळी करून आला की त्याच्या पायावर हनुवटी टेकून झोपते. तिची पिशवी लहानपणीच काढा, असं आम्हाला एकदा नाही, कितीदा सांगून झालं. लेक तर दरवर्षी मागे लागायची. मीच म्हणायचे, नाही. जिवाचा भाग आहे, देवाने दिलाय, त्याला कशाला सुरी लावायची. हे बोलताना माझ्या तोंडून तू बोलत होतीस, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तुलाही उधन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं होतं, आणि तू घरी येऊन भावाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होतीस, ह्याला जिने सांभाळलं तिला मी कचऱ्यात टाकू का.

आणि दुसरी गोष्ट, जी फक्त आपल्या घरात घडू शकते. कुत्री पाळीवर आली की मी तिला बाजूला बसवायचे. हसू नकोस. जिन्याखाली गोणपाट, वेगळी थाळी, वेगळं पाणी, आणि कोणी शिवायचं नाही. लेक डोक्याला हात लावायची. म्हणायची, मम्मी, कुत्र्यांना विटाळ नसतो ग. मी म्हणायचे, बाईजात आहे ना, मग झालं. तिला गळ्याशी घेऊन झोपणारी मी, त्या दिवसांत थाळी पायाने पुढे सरकवायचे. तूच शिकवलंस हे. उधन्याच्या त्या एका खोलीत तू न्हाणीच्या दाराशी पोत्यावर बसायचीस आणि आम्ही तुझ्याभोवती वळसा घालून जायचो. गंमत म्हणजे त्या दिवसांतही तू कारखान्यात बॉबिन भरायला जायचीसच. मशीनला विटाळ चालायचा, माठाला चालायचा नाही. दिवसभर तुझे हात धाग्याला, आणि तो धागा कोणाकोणाच्या अंगावरच्या साडीत गेला असेल, त्याला कोणी अडवलं नाही. पण घरी आलीस की पोत्यावर. एकदा मी शाळेतून पडून आले, गुडघा फुटलेला, आणि तशीच येऊन तुझ्या मांडीवर पडले. तू मला ढकललंस. ‘लांब ऱ्हाय, मन्हाजोडे येऊ नको,’ माझ्याजवळ येऊ नको, असं तू म्हणालीस, आणि भर थंडीत डोक्यावरून पाणी घ्यायला लावलंस. मी दातावर दात आपटत अंघोळ करत होते आणि तू बाहेरून रडक्या आवाजात सांगत होतीस की गुडघ्याला हळद लाव. मला तुझा राग आला होता. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू.

पण तूच मला डबाही दिलास. माझी पाळी सुरू झाली तेव्हा तू काही समजावून सांगितलं नाहीस, नुसता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढे ठेवलास. आत तुझ्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या, सगळ्या सारख्या फाडलेल्या, कडा दुमडून टाके घातलेल्या. कारखान्यात उभं राहून पाय सुजलेले असताना तू ते टाके कधी घातलेस, मला माहीत नाही. मला आयुष्यात कोणी दिलेली ती सगळ्यात मऊ गोष्ट. लेकीने कधी त्या घड्यांना हात लावला नाही, तिचं सगळं दुकानातलं. माझी पाळी गेली तरी डबा मी फेकला नाही. कपाटात मागे होता.

आता ह्या वेळचं सांगते. दिवाळीत कुत्री पाळीवर आली, मी तिला बाजूला बसवलं, गोणपाटावर डब्यातल्या दोन जुन्या घड्या अंथरल्या. तिचं झालं, ती परत आत आली, सगळं नीट. मग गेल्या आठवड्यात परत तिच्या शेपटीखाली ओलं दिसलं. मी म्हटलं, आली परत. वय झालं की असंच होतं, कधी येतं कधी जातं, माझंही जाताना असंच झालं होतं. आणि पुन्हा तिला जिन्याखाली नेऊन बसवलं. ती पाणी फार प्यायला लागली. थाळी भरली की रिकामी, भरली की रिकामी. मला वाटलं सुरतेचा उकाडा, दिवाळी झाली तरी जात नाही. भाकरीला तोंड लावेना, मला वाटलं नखरे आहेत. आणि शिवायचं नाही म्हणून तिच्या पोटावरून कोणाचा हात फिरला नाही. लेक मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर बसते, सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. तिला एवढंच दिसायचं की गच्चीवर टाकीमागच्या दोरीवर घड्या वाळत आहेत. दोनतीनदा तिने विचारलंही, हिचं अजून थांबलं नाही का म्हणून. मी म्हणायचे, नाही ग, म्हाताऱ्या कुत्रीचं लांबतं, आत घेतली तरी डाग लागतात.

काल रविवार. लेक घरी होती. तिने माझं ऐकलं नाही, सरळ जिन्याखाली बसली आणि कुत्रीला मांडीवर ओढलं. कुत्री कण्हली. लेकीने तिच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ती ओरडली नाही, तिने नुसती मान हलवली, जवळ ये म्हणून. मी वाकले आणि मला तो वास आला. तो वास मी ओळखते. मी नववीत होते तेव्हा आपल्या न्हाणीच्या दाराशी तोच वास यायचा.

तुझी पाळी तेव्हा गेलेली होती. वर्ष होऊन गेलं असेल. आणि मग एक दिवस तू परत पोत्यावर बसलीस. मी विचारलं, काय झालं, तर तू म्हणालीस, ‘परत उनं शे, जाई आपलं.’ परत आलंय, जाईल आपलं आपण. आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण बाजूला बसलेल्या बाईला काही विचारायचं नसतं. बाबा तर त्या कोपऱ्याकडे बघायचेही नाहीत. मी तांब्या लांब ठेवायचे, तू पाणी ओतून घ्यायचीस, परत तांब्या, परत पाणी. तूही फार पाणी प्यायचीस, हे मला काल आठवलं. तुझं अंग तापलंय हे कोणाला कळणार, हात कोणी लावायचा? कारखान्यातल्या बायकांनी तुला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, कारण तू बॉबिनवर वाकलेली ती सरळ झालीच नाहीस. तिथे मी पहिल्यांदा तुझा हात धरला. तू तेव्हाही काढून घ्यायला बघत होतीस. तिथून तू घरी परत आली नाहीस, बाकीचं तुला माहीत आहे, किंवा नसेल माहीत.

तर आम्ही कुत्रीला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टर गुजराती, वयाने माझ्या भाच्याएवढा, बोलायला शांत. त्याने रक्त घेतलं, पोटावर मशीन फिरवलं, आणि पडद्यावर काळ्या काळ्या गाठी दाखवल्या. ती तिची पिशवी होती, पुवाने तट्ट भरलेली. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये, ज्यांची पिशवी काढलेली नसते त्यांच्यात, पाळीनंतर असं होतं, आणि लोक दुसरी पाळी समजून बसून राहतात, असं तो म्हणाला. मला नाही, भिंतीला म्हणावं तसं म्हणाला, पण मला ते बरोब्बर लागलं. मग रक्ताचं उत्तर आलं. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद. अंगातलं विष बाहेर पडत नाही, म्हणून ती पाणी पाणी करत होती, म्हणून अन्न नको होतं.

आणि मग त्याने विचारलं, हे वाहणं कधीपासून आहे. लेकीने लगेच सांगितलं, दिवाळीपासून. थांबलेलंच नाही, म्हणाली, मम्मी रोज घड्या धुते. डॉक्टरने हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्याने जे सांगितलं ते मला गुजरातीतही नीट समजलं. दिवाळीपासून पू आहे म्हटल्यावर किडन्या आतून खाल्ल्या गेल्या असणार. त्या आता परत यायच्या नाहीत. अशा कुत्रीला भूल दिली तर ती टेबलावरून उठायची नाही, आणि उठली तरी हाल हाल होऊन जाईल. तिला सुरी लावूच नये, औषधाने शांत ठेवावं, घरी न्यावं. हे चारआठ दिवसांचं असतं तर गोष्ट वेगळी होती. मग किडन्या मेलेल्या नसतात, नुसत्या गुदमरलेल्या असतात, पू काढला की श्वास घेतात. मग तो लगेच आत घेऊन गेला असता.

लेक रडायला लागली. कुत्री टेबलावर आडवी, तिचं डोकं माझ्या हातावर, आणि ती वर माझ्याकडे बघत होती. माय, मला सगळं ठाऊक होतं. कुत्रीचं आठ दिवसांचं होतं. दिवाळीनंतर ती स्वच्छ होती, मीच तिला न्हाऊ घातलं होतं, आत घेतलं होतं. दिवाळीपासून टाकीमागच्या दोरीवर वाळत होत्या त्या घड्या तिच्या नव्हत्या.

मी म्हटलं, आठच दिवस. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, म्हातारी बाई कुत्रीला वाचवायला काहीबाही बोलते आहे. लेकीलाही तेच वाटलं, ती म्हणाली, मम्मी, असं खोटं सांगून तिला मारशील तू. मी परत म्हटलं, आठ दिवस. तेव्हा तो टेबलाच्या ह्या बाजूला आला आणि अगदी हळू म्हणाला, ‘मासी, बराबर याद करीने बोलो.’

मी जमिनीकडे बघत होते. फरशीवर कुत्रीचे केस पडलेले होते. बाहेर बाकड्यावर दोन माणसं मांजर घेऊन बसली होती आणि दार उघडं होतं. पुरुषमाणूस समोर, परका, पोराच्या वयाचा. तुझ्या लेकीला असं बोलायला कोणी शिकवलं होतं? मला वाटलं, राहू दे. कुत्री आहे, म्हातारी झाली आहे, तिचं आयुष्य झालं. खरंच असं वाटलं, क्षणभर नाही, चांगलंच वाटलं. आणि मग कुत्रीने माझा अंगठा चाटला. जीभ एकदम कोरडी, पापड लागावा तशी.

‘त्या घड्या माझ्या आहेत,’ मी लेकीला म्हणाले. मराठीत म्हणाले, पण तेवढं मराठी सुरतेत सगळ्यांना कळतं.

लेकीचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिने माझ्या केसांकडे बघितलं, मग पोटाकडे, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. डॉक्टर मात्र शहाणा निघाला. त्याने माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. नुसतं म्हणाला, म्हणजे आठ दिवस, आणि हातमोजे मागवले. कुत्रीला आत नेलं, दार लागलं.

बाकड्यावर आम्ही दोघी बसलो. किती वेळ कोण जाणे, मांजरवाले जाऊन दुसरे आले. लेक माझ्यावर चिडेल, बोलेल, तमाशा करेल असं मला वाटत होतं. ती तशीच आहे, माझ्यावर गेलीय. पण तिने माझा हात धरला आणि तो मांडीवर ठेवून घेतला, असा घट्ट की बांगडी रुतली. म्हणाली, पाळी जाऊन किती वर्षं झाली तुझी, आणि तू कुत्रीचं नाव सांगत राहिलीस? मी म्हटलं, आपलं आपण जाईल असं वाटलं. हे बोलले आणि माझी मलाच शिसारी आली. शब्द तुझे होते, माय, फक्त भाषा बदललेली. लेक म्हणाली, आजीचं काय झालं ते तूच मला सांगितलंस ना. सांगितलं होतं. तिला बजावून सांगितलं होतं की अंगावरचं काही लपवू नकोस. दुसऱ्याला शिकवायला मी पुढे असते, तुला ठाऊक आहे.

कुत्री टेबलावरून उठली. डॉक्टरने काढलेली पिशवी एका ट्रेमध्ये आणून दाखवली, भरलेल्या लाटीसारख्या एकापुढे एक गाठी, आणि लेकीने तोंड फिरवलं, पण मी बघितली. नीट बघितली. ह्यासाठी मी इतकी वर्षं नाही म्हणत होते.

लेकीने माझ्यासाठी बाईडॉक्टर शोधून ठेवली आहे. परवा जायचंय. तिने तुझ्या जावयालाही सांगून टाकलं, मला न विचारता, जेवायला वाढता वाढता. मी भिंतीकडे तोंड करून बसले. तो माणूस आयुष्यात कधी असल्या विषयात पडला नाही. काल मात्र ताट बाजूला सारून म्हणाला, मिलमधली पाळी बदलून घेतो, मीपण येतो. मग हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळाशी उभा राहिला.

हे एवढं लिहिलं आणि थांबले होते, कारण कुत्री हलली. पुढचे पाय ताणले, उठायला बघू लागली. आज रजा टाकून घरी असलेल्या लेकीला मी हाक मारली, ती खिचडीचा चमचा हातात घेऊनच धावत आली. आम्ही दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं, मी गोणपाटावर गुडघे टेकून, तिचं ओलं अंग माझ्या लुगड्याला लागलेलं, पट्टीतून आलेलं रक्त माझ्या हाताला. ती थरथरत उभी राहिली, शेपूट बाजूला केली, आणि मुतली. थोडंसं नाही ग, धो धो. गोणपाट भिजलं, माझे गुडघे भिजले, पाटाखाली धार गेली. लेक चमच्यासकट माझ्या गळ्यात पडली आणि आम्ही दोघी त्या ओल्यात बसून वेड्यासारख्या हसलो. मग लेक डॉक्टरला फोन करायला वर गेली. मी अंघोळीला उठले नाही. तशीच बसले आहे, कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन, आणि हे पुरं करते आहे.

गोणपाट पुसायला मी डबा उघडला. तुझ्या शेवटच्या चार घड्या होत्या, चारही वापरल्या. डबा रिकामा झाला. हा कागद त्यात ठेवेन, नाहीतर कुठे ठेवणार, तुला पोचवायला पत्ता थोडाच आहे.

एक सांगायचं राहिलं. लेक सगळ्यांना सांगत सुटली आहे की मम्मीने कुत्रीसाठी केवढी हिंमत केली. मी ऐकून घेते. पण ती कुत्री आजारी पडली नसती तर मी अजून टाकीमागे घड्या वाळत घालत असते, आणि कोणी विचारलं असतं तर कुत्रीचंच नाव सांगितलं असतं. परवाची मला फार भीती वाटते, माय. हे तेवढं अजून लेकीला सांगितलेलं नाही.